मावसबहिणीच्या लग्नाचा व्हिडिओ मी करू का?

*ताई, तीन आठवड्यांनी माझ्या मावसबहिणीचं लग्न आहे. विधीचा व्हिडिओ मीच करावा असा तिचा हट्ट आहे. माझ्याकडे दीड वर्षापूर्वी घेतलेला मिररलेस कॅमेरा, त्याच्यासोबत आलेली १८-५५ ची लेन्स, एक ५० एमएम एफ १.८ आणि साधा ट्रायपॉड एवढंच सामान आहे. आजवर पक्षी, पाऊस, रस्ते असलंच शूट केलंय, माणसांचा एकही कार्यक्रम नाही. गिंबल, म्हणजे चालतानाही कॅमेरा स्थिर ठेवणारा दांडा, भाड्याने घ्यावा असं मनात आहे, म्हणजे शॉट सिनेमासारखे येतील. पण रात्र रात्र झोप लागत नाही. काही चुकलं तर तिचा तो दिवस परत थोडाच येणार? हो म्हणू की नको? आणि हो म्हटलं तर सुरुवात कुठून करू?*
*— झोप उडालेली मावसबहीण*

अगं, तो दिवस परत येणार नाही हे तुला आधीच कळलंय, म्हणून मी तुला हो म्हणायला सांगेन. ही धास्ती ज्याला वाटत नाही त्याच्या हाती मी कुणाचंही लग्न सोपवणार नाही. पण बहिणीला कळवायच्या आधी एक गोष्ट शांतपणे ठरव. विधी चालू असताना तू कॅमेऱ्यामागे असशील, तिच्या शेजारी नसशील. तिने वळून पाहिलं तर तुझ्या चेहऱ्याऐवजी तिला लेन्स दिसेल. घरच्यांच्या फोटोत बहुधा तू नसशील. जेवायची आठवण तुला कुणी करून देणार नाही. बहीण म्हणून तिथे उभं राहायचंय असं वाटत असेल तर आजच तसं सांग. तीन आठवडे हातात आहेत तोवर ती दुसरी सोय करू शकेल. लग्नाच्या चार दिवस आधी सांगितलंस तर मात्र तिची पंचाईत होईल.

मन घट्ट असेल तर हो म्हण, आणि त्याच दिवशी तिला नेमकं काय मिळेल तेही सांग. विधी सुरू झाल्यापासून संपेपर्यंतचं सलग, स्थिर चित्र आणि दोघांचा स्वच्छ आवाज. एवढंच कबूल कर. सिनेमासारखं काही करून देईन असं बोलू नकोस. ते जमलं तर तिला अचानक मिळालेला आनंद होईल, पण आधी शब्द दिलास तर तुझं निम्मं लक्ष तिकडेच राहील.

आता गिंबल. घेऊ नकोस. वस्तू वाईट नाही, पण हातात बसायला महिने लागतात आणि लग्नाचा विधी हे शिकायचं ठिकाण नव्हे. कॅमेरा आणि लेन्ससकट तो वजनाला चांगलाच जड होतो आणि दहा मिनिटांत मनगट बोलायला लागतं. शिवाय गिंबल हातात आला की चालत राहावंसं वाटतं. विधीच्या वेळी तुझ्या चालण्याचा कुणाला काही उपयोग नाही. गिंबलच्या भाड्याला जे पैसे लागणार होते ते दोन गोष्टींत घाल: कॉलर माइकचा छोटा रेकॉर्डर आणि दुसरा कॅमेरा. दुसरा कॅमेरा मैत्रिणीकडून उसना मिळाला तरी चालेल, बऱ्यापैकी चांगला मोबाइल असला तरीही चालेल.

पण दुसरा कॅमेरा असला तरी पहिल्यावर कुणाची तरी नजर हवीच, हे मला फार महागात शिकायला मिळालं. मी शूट केलेलं ते पहिलंच लग्न होतं. ट्रायपॉडवर एक कॅमेरा लावला होता, रेकॉर्डिंग वेळेच्या बरंच आधी सुरू केलं होतं, कार्ड रिकामं होतं, बॅटरी भरलेली होती. मी दुसरा कॅमेरा हातात घेऊन वधूच्या आईकडे वळले, कारण तिचे डोळे भरून आले होते. आईचा शॉट फार सुंदर आला. पण तेवढ्यात ट्रायपॉडवरचा कॅमेरा २९ मिनिटं ५९ सेकंदांवर आपणहून थांबला होता आणि ते माझ्या लक्षातच आलं नाही. त्यानंतर चारेक मिनिटांनी दोघांनी एकमेकांना वचनं दिली. माझ्याकडे त्या वेळचे होते ते बाजूने घेतलेले काही तुकडे, तेही हललेले. मागून कुणा नातेवाइकाने मोबाइलवर घेतलेला आवाज जोडला, वर फोटो लावले. जिचं लग्न होतं ती मला एका शब्दाने रागावली नाही. व्हिडिओ पाहून तिने एवढंच विचारलं, "तो बोलतानाचं नाहीये का?" तो प्रश्न आजही माझ्या कानातून जात नाही.

कॅमेरा बिघडला नव्हता. फोटोसाठी बनवलेल्या अनेक कॅमेऱ्यांत, विशेषतः जुन्या मॉडेलांत, सलग रेकॉर्डिंगची मर्यादा २९ मिनिटं ५९ सेकंद असते. युरोपीय संघाच्या जकातीच्या नियमांत अर्धा तास किंवा त्याहून जास्त रेकॉर्ड करणारं यंत्र व्हिडिओ कॅमेरा म्हणून धरलं जाई आणि त्यावर जास्त कर लागे, म्हणून कंपन्या एक सेकंद आधीच थांबवत. नव्या कॅमेऱ्यांत ही मर्यादा बहुतेक राहिलेली नाही, पण तुझ्या कॅमेऱ्यात आहे का हे माहितीपुस्तिकेवरून ठरवू नकोस. आज रात्री तो ट्रायपॉडवर लाव, लग्नात वापरणार तीच सेटिंग ठेव आणि तासभर चालू ठेव. थांबतो का, तापून बंद होतो का, बॅटरी किती उतरते, हे एका तासात कळेल. मर्यादा निघाली तर विधीत साधारण वीस-पंचवीस मिनिटांनी, एखादी शांत जागा पाहून, बटण बंद करून लगेच पुन्हा चालू करायचं. हे काम तू स्वतःकडे ठेवू नकोस. घरातला एखादा शांत स्वभावाचा मुलगा किंवा मुलगी त्या कॅमेऱ्याजवळ बसव. त्याचं काम एकच: लाल ठिपका दिसतोय का ते बघत राहायचं. लग्नाच्या गडबडीत इतकं महत्त्वाचं काम दुसरं नाही, हे त्याला नीट समजावून सांग.

कार्डाचा हिशेबही याच वेळी कर. १०० मेगाबिट प्रतिसेकंद या वेगाने शूट केलंस तर तासाला साधारण ४५ जीबी लागतात. म्हणजे ६४ जीबीचं कार्ड दीड तासही पुरत नाही. कार्डावर व्ही३० असं लिहिलेलं बघून घे. त्याचा अर्थ ते सेकंदाला किमान ३० मेगाबाइट सलग लिहू शकतं, आणि तुला तेवढं पुरून उरेल.

आता आवाजाकडे येते. याच्यावर मी सगळ्यात जास्त बोलणार आहे, कारण तुझ्या पत्रात आवाजाबद्दल एक शब्दही नाही. नवीन माणूस लेन्सबद्दल विचारतो, गिंबलबद्दल विचारतो, आवाज मात्र आपोआप येईल असं धरून चालतो. चित्र थोडं हललेलं असलं, थोडं अंधारं असलं तरी माणूस ते प्रेमाने बघतो. पण शब्द कळला नाही की तो पडद्यापासून तुटतो. तुझ्या बहिणीला वीस वर्षांनी हा व्हिडिओ लावावासा वाटेल तेव्हा तिला कापडाची घडी बघायची नसेल. तिला तेव्हाचा नवऱ्याचा आवाज, आईचा आवाज, आजीचा आवाज ऐकायचा असेल.

कॅमेऱ्यातला माइक हा आवाज देऊ शकत नाही. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने उतरते. तोंडापासून वीतभर अंतरावरच्या कॉलर माइकला जे ऐकू येतं ते आठ मीटरवरच्या कॅमेऱ्यापर्यंत येईतो त्यात पंखे, खुर्च्या, लहान मुलं आणि भिंतींचा घुमार मिसळलेला असतो. नंतर एडिटिंगमध्ये आवाज वाढवलास तर हे सगळंही वाढतं.

म्हणून एक कॉलर माइक वराच्या कपड्यांवर, आणि त्याची तार खिशातल्या छोट्या रेकॉर्डरमध्ये. दोघं जवळजवळ उभी असतात, तेव्हा वधूचा आवाजही बऱ्यापैकी त्यातच येतो. तिच्या कपड्यांवर दागिने असतील तर तिथे माइक लावायचा अट्टहास नको, प्रत्येक हालचालीला खणखण येईल. माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर असावा, वर कापडाचा थर येऊ नये. तारेचा एक छोटा वेढा करून आतून चिकटपट्टीने कपड्याला चिकटव, म्हणजे तार ओढली गेली तरी धक्का माइकपर्यंत पोचत नाही. रेकॉर्डरला नवीन बॅटरी घाल, रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झवर ठेव, बटणांचं लॉक लाव. विधीच्या अर्धा तास आधी सुरू कर आणि सगळं आटोपेपर्यंत हात लावू नकोस. पातळी ठरवताना वराला नेहमीच्या नव्हे, मोठ्या आवाजात बोलायला सांग. काटा उणे १२ डेसिबलच्या आसपास जाऊन परत यायला हवा, शून्याला टेकता कामा नये. शून्यावर फाटलेला आवाज कशानेही शिवता येत नाही. भाड्याने घेताना ३२ बिट फ्लोटचा रेकॉर्डर मिळाला तर तोच घे, त्यात पातळीची ही चिंता जवळजवळ मिटते. बिनतारी माइक मिळाला तर तो सोबत चालवायला हरकत नाही, पण शेकडो मोबाइल असलेल्या गर्दीत त्याच्या भरवशावर राहू नकोस.

साउंड सिस्टिमवाल्यांना आदल्या दिवशी भेट. त्यांच्या मिक्सरमधून आवाज द्यायला ते तयार असतील तर दुसरा रेकॉर्डर तिथे जोड. नसतील तर एक रेकॉर्डर स्पीकरपासून थोड्या अंतरावर ठेवून दे. आणि दोन्ही कॅमेऱ्यांचे स्वतःचे माइक चालूच ठेव. तो आवाज वापरायचा नसतो, जुळवाजुळवीला लागतो. सगळे कॅमेरे आणि रेकॉर्डर सुरू झाल्यावर त्या सगळ्यांत ऐकू येईल अशी एक टाळी वाजव. एडिटिंगमध्ये ती टाळी सगळ्या फाइलींत एका रेषेत आणलीस की झालं. तासाभराच्या रेकॉर्डिंगमध्ये शेवटी आवाज आणि ओठ एक-दोन फ्रेमने सरकलेले दिसले तर घाबरू नकोस. प्रत्येक यंत्राचं घड्याळ किंचित वेगळं चालतं. जिथे शांतता आहे तिथे आवाज कापून पुन्हा जुळवून घ्यायचा.

एक मात्र लक्षात ठेव. खिशातला रेकॉर्डर सगळं ऐकतो. वराला आधी स्पष्ट सांग की हे चालू आहे, आणि त्यातलं खासगी बोलणं त्याला विचारल्याशिवाय कुठे जाणार नाही. एका लग्नानंतर मी आवाज ऐकत बसले होते. विधी सुरू व्हायच्या आधीचा भाग होता, पाहुणे अजून जागा शोधत होते. त्या गोंगाटात, अगदी जवळून, तो मुलगा वचनाची पहिली ओळ स्वतःशीच पुटपुटत होता. एकदा अडखळला. दुसऱ्यांदा पूर्ण म्हणाला. मग एक मोठा श्वास, पुन्हा तीच ओळ, आणि हळूच, "जमेल." त्याला विचारून मी तो तुकडा व्हिडिओच्या सुरुवातीला ठेवला, वर चित्र फक्त रिकाम्या खुर्च्यांचं. त्याच्या बायकोला हे माहीतच नव्हतं. असं काही कुठल्याही लेन्समधून मिळत नाही गं.

जागेवर आदल्या दिवशी जा, आणि विधी ज्या वेळेला आहे त्याच वेळेला जा. उजेड कुठून येतो ते बघ. दोघांच्या मागे मोठी खिडकी असेल तर चेहरे काळे पडतील. तेव्हा एकतर तू बाजूला सरक किंवा त्यांनाच थोडं वळवता येईल का ते विचार. आदल्या दिवशी हे सहज होतं, त्या दिवशी कुणी ऐकत नाही. विधी सांगणाऱ्यांना भेटून विचार: दोघं कुठे तोंड करून असतील, मी कुठवर आलेलं चालेल, आणि सगळे लोक कधी उभे राहतात. हा शेवटचा प्रश्न विसरू नकोस. बसलेल्या माणसांच्या डोक्यांवरून छान दिसणारी फ्रेम सगळे उभे राहिल्यावर नुसत्या पाठींची होते. ट्रायपॉड तेवढा उंच कर किंवा अशा ठिकाणी लाव जिथे पुढे कुणी उभंच राहू शकणार नाही.

तुझा चांगला कॅमेरा ट्रायपॉडवर जाईल, १८-५५ लावून. दोघं आणि विधी सांगणारी व्यक्ती पूर्ण मावतील, आजूबाजूला थोडी मोकळी जागा राहील अशी फ्रेम लाव, फोकस हाताने पक्का कर, आणि मग तो कॅमेरा तुझा नाहीच असं समज. शूट ४के मध्ये कर आणि व्हिडिओ १०८० चा, म्हणजे त्याच्या निम्म्या रुंदीचा, बनव. मग त्याच एका फ्रेममधून निम्म्या रुंदीपर्यंत कापून जवळचा शॉट काढता येतो आणि चित्राचा कस जात नाही. दुसरा कॅमेरा तुझ्याकडे: हात, डोळे, पहिल्या रांगेतले चेहरे. ५० एमएम त्याला बसत असेल तर बसव, पण एफ १.८ वर, म्हणजे लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं, ठेवू नकोस. तीन मीटरवरून जेमतेम पाव मीटर खोलीच स्पष्ट राहते. वधू स्पष्ट आणि शेजारचा वर धूसर, असं होईल. एफ ४ वर ये. प्रत्येक शॉट मनात दहा आकडे मोजून धर, मगच हल. पाखरांच्या मागे कॅमेरा फिरवायची तुला सवय असेल, इथे ती मोड. आणि दोघांना जोडणाऱ्या एका काल्पनिक रेषेच्या एकाच बाजूला राहा. पलीकडे गेलीस तर एका शॉटमध्ये ती डावीकडे आणि पुढच्यात उजवीकडे दिसेल. विधीचा मुख्य क्षण जवळ आला की जिथे आहेस तिथेच थांब. यापेक्षा बरी जागा असेल असं तेव्हा हमखास वाटतं. जाऊ नकोस.

सेटिंगचं थोडक्यात सांगते. जिथे वीज ५० हर्ट्झची आहे तिथे सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५०. जिथे ६० ची आहे तिथे ३० फ्रेम आणि शटर १/६०. हे जुळलं नाही तर दिव्यांमुळे चित्रात पट्टे सरकताना दिसतात. दोन्ही कॅमेऱ्यांचा व्हाइट बॅलन्स एकाच आकड्यावर बांधून टाक, ऑटोवर ठेवू नकोस, नाहीतर मधेच चेहरे पिवळे-निळे होतील. एक्सपोजर हाताने, पांढऱ्या कपड्यांचा पोत जाणार नाही असं. विधी उघड्यावर, उन्हात असेल तर १/५० शटरवर चित्र पांढरंफटक पडेल. आयएसओ १०० आणि एफ ४ साठी साधारण पाच स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे लेन्सवर लावायची उजेड कमी करणारी काच, लागेल, तो आधीच बघून ठेव. लॉग प्रोफाइल, म्हणजे नंतर रंग भरण्यासाठी चित्र फिकं ठेवणारी सेटिंग, या वेळी नको, नेहमीचं साधं प्रोफाइल ठेव.

फोटोग्राफर कोण आहे ते विचारून त्याच्याशी दोन दिवस आधी बोल. मुख्य क्षणाला तो कुठे असेल, तू कुठे असशील, एवढं ठरलं तरी निम्मी धक्काबुक्की टळते. त्याच्या फ्लॅशमुळे एखादी फ्रेम अर्धी उजळ दिसेल, त्याचं मनावर घेऊ नकोस. पाहुणे मोबाइल उंच धरून मधल्या वाटेत येतात. त्यांना तू हटवायला जाऊ नकोस, घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाने सुरुवातीला दोन शब्द सांगितले तर लोक ऐकतात.

आणि काही बिघडलंच, तर क्रम पक्का ठेव. आधी आवाज, मग दोघं दिसतील असं एक स्थिर चित्र, मग बाकी सगळं. मोठा कॅमेरा बंद पडला तर हातातला कॅमेरा मागे घेऊन वाइड कर आणि तसाच धरून उभी राहा. क्लोजअप गेले तर गेले. त्या दिवशी बहिणीला त्यातलं काही सांगू नकोस, पण नंतर लपवूही नकोस.

रात्री कितीही दमलेली असलीस तरी झोपायच्या आधी सगळी कार्डं दोन वेगळ्या ड्राइव्हवर कॉपी कर, प्रत्येक फाइल उघडून मधून मधून चालवून बघ, आणि एक ड्राइव्ह दुसऱ्या घरी ठेव. बहिणीच्या हातात व्हिडिओ पडेपर्यंत कार्ड पुसायचं नाही. एडिटिंगला बसशील तेव्हा आधी पूर्ण विधीचा आवाज टाइमलाइनवर सलग अंथर आणि त्यावर चित्र बसव. वचनांवर संगीत घालू नकोस. दुसरीकडे गाणं घालायचं असेल तर वापरायची परवानगी असलेलंच घे. तिला दोन गोष्टी दे: पूर्ण, न कापलेला विधी आणि पाच-सात मिनिटांचा छोटा व्हिडिओ. लोकांना छोटा आवडेल. पूर्ण विधीचा तिच्यासाठी आहे.

येत्या सुट्टीच्या दिवशी घरातल्या दोघांना समोर उभं कर, काहीही वाचायला दे, आणि पाऊण तास दोन्ही कॅमेरे, कॉलर माइक, टाळी, सगळं खरोखरीच्या क्रमाने कर. मग ते पाऊण तासाचं पाऊण तास बसून बघ. कंटाळा येईल, पण काय राहिलं ते सगळं त्यातच दिसेल. ती फाइल मलाही पाठव. मी आधी डोळे मिटून ऐकेन.